एकशे अकरा

११ मार्च

ठके,

अक्षर ओळखूनही पाकीट फाडून टाकलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. आशीर्वाद चालत असतील तर पुष्कळ आहेत. चालत नसतील तर ते बाजूला ठेव आणि पुढचं वाच.

तुझी आई आजारी आहे. तिची मूत्रपिंडं दमली आहेत. मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचा विचार झाला, पण तिचं हृदय ते सोसणार नाही, असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. किती दिवस, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "महिने मोजू नका." म्हणून हे पत्र.

दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलंय. त्यातच चहा आला, गोळ्यांबरोबरचे घोट आले. मी सकाळी बाटली भरून तिच्या उशाशी ठेवतो. लॅबमधली काचेवर लिहायची पेन्सिल निवृत्त होताना खिशात राहिली होती, त्या पेन्सिलीने मी बाटलीवर तासातासाच्या रेघा मारल्यात. आई म्हणते, "हा माणूस पुढे मला पाणीसुद्धा मोजून देणार आहे, हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तेव्हाच उठून चालायला लागले असते." एवढं बोलून ती रेघेपर्यंतच पिते. रेघेच्या खाली एक थेंब नाही. पूर्वीची ती कुठली ऐकायला!

फोनच केला असता, पण तू घरातून गेलीस, त्याच आठवड्यात नंबर बदललास. जावईबापूंनी दिलेला पत्ता माझ्या डायरीत आहे, आईकडे नाही. त्यामुळे ती लिहील, अशी वाट बघू नकोस.

त्या दुपारी ती तुला जे बोलली, ते तू सहा वर्षं धरून बसलीस. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तिला त्यातलं काहीएक आठवत नाही. तू गेलीस आणि दोनच दिवसांनी ती पडली, ते तुला ठाऊक नसेल. आठ दिवस इस्पितळात होती. घरी आल्यावर खिडकीत बसून मलाच विचारते, "अहो, तापात माणूस बडबडतं, ते त्याच्या मनातलंच असतं का हो?" शेजारचे पेन्शनर तेव्हा तापाने फणफणले होते आणि भिंतीपलीकडून सुनेच्या नावाने शंख करत होते. मी म्हटलं, "बहुतेक. नसेल तर तोंडात येईल कुठून?" ती "हं" म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. आता सांग, जिला आपलं स्वतःचं आठवतं, ती असं शेजाऱ्याचं विचारेल का?

तेव्हा ये. त्या दुपारचा विषय काढू नकोस, म्हणजे झालं. तुझी खोली आहे तशी आहे, फक्त पलंगावर माझी वर्तमानपत्रं आहेत, ती उचलतो.

तुझा,
बाबा


२ एप्रिल

ठके,

उत्तर नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत सव्वाअकराला येतो आणि मी अकरापासून जिन्यात उभा असतो, त्यामुळे पत्र गहाळ झालं असं म्हणायलाही जागा नाही.

आईच्या पायांवर सूज आहे. बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. तोंडाला कोरड पडते, म्हणून बर्फाचा लहानसा खडा जिभेवर ठेवतो. तो विरघळेपर्यंत ती डोळे मिटून घेते. तोही मी पाण्यात धरतो.

आता ते लिहितो, जे मागच्या पत्रात लिहायला हवं होतं.

चौतीस वर्षं मी लोकांचं रक्त तपासलं. माणसं काय एकेक तऱ्हेची असतात! पण रक्त नळीत आलं की सगळी एका रांगेत. मिठाचा आकडा एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस, एवढ्या दहा आकड्यांच्या बोळातून सगळी दुनिया चालते. कुणी मूठभर खारे दाणे खावेत, कुणी दिवसभर भट्टीपुढे उभं राहावं, शरीर तो आकडा हलू देत नाही. मीठ वाढलं की तहान लावतं. पाणी वाढलं की मूत्रपिंडांकरवी बाहेर काढतं. अंग तापलं की घाम फोडतं, गार पडलं की कापरं भरवतं. आणि यातलं मालकाला काही कळवत नाही. मला याचं फार कौतुक वाटायचं. एवढी चोख नोकरी मी इस्पितळात कुणाचीच बघितली नाही, माझी धरून.

पण त्याचीही एक हद्द असते. मिठाचा आकडा एकशे वीसच्या खाली गेला की रक्तातलं पाणी पेशींत शिरायला लागतं आणि त्या फुगतात. पाय सुजला तर सुजू दे, त्याला जागा आहे. मेंदूला कवटीत जागा नसते. मग माणूस आधी चिडचिडं होतं, मग घरातली वाट चुकतं, मग भलतंच बोलतं. दारू न पिता तर्र झाल्यासारखं.

तू यायच्या आधी तीन दिवस आई तशी होती. इस्त्री कपाटात ठेवली आणि कपडे चुलीपाशी. मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. मला वाटलं, माझी थट्टा करतेय.

तुझं बाळ जाऊन तेव्हा महिना झाला होता. तू आईकडे झोपायला आली होतीस, दुसरं काही नाही. मला ते शब्द लिहायचे नव्हते, पण ते आपल्या दोघांनाही पाठ आहेत, मग कागदाने काय पाप केलंय? "तुझ्या अंगातच ऊब नाही. म्हणून गेलं ते. तू मारलंस त्याला." सातव्या महिन्यात आलेलं मूल. त्याला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नव्हती. इस्पितळातल्या काचेच्या उबेच्या पेटीतून काढून दिलं की तू त्याला छातीशी धरून तासन्‌तास हलायचीसुद्धा नाहीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आईनेही पाहिलं होतं.

तू हातातला पेला खाली ठेवलास, पिशवी उचललीस. दार हळूच लावलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी आईला झटके आले. तिच्या रक्ताचा नमुना मीच मशीनला लावला. एकशे अकरा. मशीन बिघडलं असेल म्हणून मी ते धुऊन नमुना पुन्हा लावला. पुन्हा एकशे अकरा. एवढ्या आकड्यावर माणूस जे बोलतं, ते त्याचं बोलणं नसतं, ठके. ते पाणी बोलतं. तो कागद माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

कशाने झालं म्हणशील, तर मीठ कमी पडलं. होतं असं. उन्हाळा होता.

ये गं.

बाबा


१९ एप्रिल

ठके,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही वेलांट्या अर्ध्यावर सोडतेस. जिन्यातच वाचलं. "मिठाचं समजलं. पण शुद्धीवर आल्यावर सहा वर्षांत तिने मला एक ओळ का लिहिली नाही?"

मी चार दिवस याचं उत्तर जुळवत होतो. तीन मसुदे केले. तिन्हींत मी बरा माणूस दिसत होतो, म्हणून फाडले.

लिहिली. तेवीस पत्रं लिहिली.

पहिलं पत्र तिने इस्पितळातून आल्यावर पंधरवड्याने लिहिलं. तिच्या धुलाईघरातल्या कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर लिहायची आणि पाकिटाला कपड्यांची खळ लावून चिकटवायची. म्हणायची, "पत्ता तुम्ही घाला. आणि जाता जाता पेटीत टाका." मी खिशात घालायचो आणि लॅबमध्ये गेलो की काचपट्ट्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचो; निवृत्त झाल्यावर ते खोकं घरी कपाटात आणलं. एकाही पाकिटावर पत्ता नाही, कारण तो मला घालायचा होता. संध्याकाळी ती विचारायची, "टाकलं?" मी म्हणायचो, "टाकलं." महिन्याने विचारायची, "काही आलं?" मी म्हणायचो, "नाही." हे दुसरं उत्तर निदान खरं असायचं. दोन वर्षांपूर्वी तिने विचारणं सोडलं. लिहिणं सोडलं नाही.

फोडलं मात्र एकही नाही. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही, ही माझी शिस्त. हस हवं तर.

का टाकली नाहीत? स्वतःला सांगायला एक छान कारण होतं. मला वाटायचं, तिला काही आठवत नाही, म्हणजे तिने हवापाण्याचंच लिहिलं असणार. तू कधी येतेस, जेवतेस ना वेळेवर, असलं. तू ते वाचून भडकणार आणि उत्तरात तेच शब्द तिला लिहून पाठवणार. मग ती कोसळणार. म्हणजे मी तिला सांभाळत होतो. किती गोड ना?

आता खरं. तू उत्तर दिलं असतंस, तर तिने विचारलं असतं, "मी असं कशी बोलले?" मग मला सांगावं लागलं असतं की मीठ कमी पडलं. मग तिने विचारलं असतं, कसं? कारण मीठ आपोआप कमी पडलं नव्हतं. मी काढून घेतलं होतं.

तिचा रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि म्हणाले, मीठ जरा कमी करा. 'जरा' हा शब्द मला जन्मात कधी पटला नाही. जरा म्हणजे किती? मी शून्य केलं. मिठाची बरणी उचलून लॅबच्या कपाटात नेऊन ठेवली. आणि शरीर धुऊन निघावं म्हणून दिवसाला तीन मोठ्या बाटल्या साधं पाणी तिला बांधून द्यायला लागलो.

आणि ती कामाला कुठे, तर धुलाईघरात. तुला आठवत असेल, दाराशी स्टीलचं पिंप असायचं. मुकादमीण रोज सकाळी त्यात मूठभर मीठ टाकायची. इस्त्रीचे रोलर थांबले की प्रत्येक बाईने उभ्या उभ्या एक पेला प्यायचा. जी पिणार नाही तिला रोलरजवळ उभं राहू द्यायचं नाही, असा त्यांचा कायदा. तीस वर्षांत तिथे एक बाई चक्कर येऊन पडली नव्हती.

मी स्वतः तिथे गेलो. सगळ्या बायकांसमोर सांगितलं, हिला यातलं पाणी द्यायचं नाही. मुकादमीण म्हणाली, "साहेब, इथे घामाच्या धारा लागतात. मीठ बंद करून बाई उभी राहील का?" मी म्हटलं, "मी रोज रक्त तपासतो. तुम्ही चादरी तपासा." बायका पुन्हा रोलरकडे वळल्या. तुझी आई खाली बघत होती. तेव्हापासून तिने त्या पिंपाला हात लावला नाही. मी घरी आल्यावर शपथच घातली होती.

गोळीने मीठ गेलं, घामाने गेलं, आणि वरून मी पाणी ओतत होतो. शहरभराचं रक्त तपासत होतो आणि घरातल्या बाईचं एकदाही तपासलं नाही.

इस्पितळात तिला मीठ शिरेतून दिलं, पण थेंबाथेंबाने. एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. डॉक्टर म्हणाले, "बाईंना सगळं नीट समजावून सांगा, पुन्हा असं व्हायला नको." मी म्हटलं, "ते माझ्याकडे लागलं." तिला सांगितलं, अशक्तपणाने चक्कर आली होती. बरणी गुपचूप परत फडताळात ठेवली. मनाशी म्हटलं, तिलाही थेंबाथेंबाने सांगू, एकदम नको. तो पहिला थेंब काही पडला नाही. शरीराला आपलं काही कमी पडलं तर ते ओरडून सांगतं. मी सहा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

तेवीस पत्रं सोबत पाठवतोय, जशीच्या तशी. एकशे अकराचा तो कागदही घालतोय. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. आज सांगणार होतो. पण आज ती फार थकली होती, आणि मी पुन्हा तोच आहे.

तू ये आणि तू सांग. माझ्या तोंडून निघत नाही.

बाबा


१४ मे

ठके,

सतरा दिवस झाले. घर आवरलंय. बाटली तिच्या उशाशी तशीच आहे. त्या दिवशीच्या शेवटच्या चार रेघा पाणी तिने घेतलंच नाही.

तू सव्वीसला सकाळी आलीस. मी दार उघडलं, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. योग्यच केलंस. तुझे केस कानापाशी पांढरे झालेत, हे मात्र मी पाहिलं. आई तोवर निम्मी तिकडे होती. मूत्रपिंडं थांबली की अंगातलं विष रक्तात चढतं आणि ग्लानी येते. डोळे अर्धे उघडे, हाकेला ओ नाही. तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. हळूच, तुझ्या सवयीने.

तीन तास. मी बाहेर खुर्चीवर बसलो होतो. तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. कान लावायला मी दारापर्यंत गेलो होतो, लपवत नाही. मग परत येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तुझा हात तिच्या हाताखाली होता.

सगळं उरकून आल्यावर धुलाईघरातल्या बायका आल्या. मुकादमीण स्वयंपाकघरात गेली, पेला भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. "प्या साहेब. सकाळपासून रडताय, त्यातही मीठ जातं." मी प्यायलो. खारट होतं. ती माझ्याकडे बघत उभी होती. तिला सहा वर्षांपासून सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

जाताना तू माझ्याशी बोलली नाहीस, पण टेबलावर एक पत्र उघडून ठेवून गेलीस. वर पेला ठेवलास, उडू नये म्हणून. आईचं पहिलं पत्र. मी ते दोन दिवस वाचलं नाही. दुसऱ्याचं पत्र होतं. मग वाचलं. आता ते मला तुझ्यासारखंच पाठ आहे.

"बाळे, मला सगळं आठवतं. यांना वाटतं आठवत नाही, आणि मी वाटू देते. नाहीतर हे माझ्याकडे कसे बघतील, याची भीती वाटते. पण मी बोलले. माझ्याच तोंडाने बोलले, आणि तुझा चेहरा मी पाहत होते. हे कुठून आलं माझ्यातून? एवढी वर्षं माझ्या आत कुठे दडून बसलं होतं? यांना मी आडून विचारलं, भ्रमातलं बोलणं मनातलं असतं का. बहुतेक, म्हणाले. यांना त्यातलं कळतं. तेव्हा असणार. तुझ्या अंगात ऊब नाही असं मी म्हटलं, पण माझ्याच आत काहीतरी थंड पडलेलं असणार, आणि आई होऊनही मला ते कधी कळलं नाही. मला क्षमा करू नकोस. फक्त एकदा ये आणि मला बघून जा."

भाजी निवडत होती ती, ठके. मी म्हटलं "बहुतेक", आणि ती भाजी निवडायला लागली. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

म्हणजे तिला आठवत होतं. सहा वर्षं या घरात आम्ही समोरासमोर जेवत होतो. मी मीठ लपवत होतो, ती स्वतःचं पाप लपवत होती, आणि ते पाप तिचं नव्हतंच. कपाटातला एक कागद तिच्यापुढे धरला असता, तर ती त्याच दिवशी सुटली असती. आकडे कळत होते तिला. चौतीस वर्षं माझ्याकडून ऐकत होती. एकशे अकरा म्हटल्यावर ती मला म्हणाली असती, "मेल्या, मग आधी सांगायचं नाही?" आयुष्यात कधी 'अहो' सोडलं नाही, पण तेव्हा म्हणाली असती. मी ते ऐकायला आता काहीही देईन.

रेघेच्या खाली एक थेंबही का घेत नव्हती, तेही आता कळतंय. मला वाटलं, माझं ऐकतेय. ती शिक्षा भोगत होती.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. ती तिनेही मागितली नव्हती, फक्त 'एकदा ये' म्हटलं होतं. तू आता येणार नाहीस हेही मला कळतं, आणि मी बोलावत नाही. माझ्यात आणि तिच्यात तेवढा फरक राहू दे.

एकच विचारायचं आहे. त्या तीन तासांत तू तिला सांगितलंस का? ते तुझं नव्हतं, ते पाणी होतं, मीठ बाबांनी काढून घेतलं होतं, असं काही? ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं म्हणतात. आतून मध्येच एकदा तू जरा मोठ्याने काही म्हणालीस आणि मग बराच वेळ शांत होतं. मी त्या शांततेचा रोज वेगळा अर्थ लावतो. कधी वाटतं, सांगितलंस आणि तिने तुझा हात दाबला. कधी वाटतं, तुझ्याही तोंडून निघालं नाही, कारण तू माझी मुलगी आहेस.

खूप लिहू नकोस. हो किंवा नाही. 'नाही' असेल तरी लिही, ते मी भोगीन.

सोबत कोरा कागद आणि पाकीट घातलंय. तिकीट लावलंय. पत्ता मी घातलाय.

बाबा